नजरचूक

पाण्याच्या रांगेत उभी असलेली एक पोर तोंडात बिल्ला घोळवत होती, आणि ते पाहून डॉक्टर रुद्राणीच्या हातातली बादली खाली टेकली. टेकली म्हणजे तिनेच टेकवली असणार, पण तसं तिला आठवेना. टँकर आला की गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून वॉर्डातल्या लोकांनी पितळी पत्र्याचे बिल्ले कापून घेतले होते, घरटी एक, आठ आण्याच्या नाण्याएवढा. बिल्ला दाखवायचा, आपल्या घागरी भरायच्या, बाजूला व्हायचं. मोठ्या बायका तो कनवटीला लावत नाहीतर पदराच्या गाठीत बांधत. पोरांना कनवट नसते, खिसा असला तर फाटका असतो, आणि दोन्ही हातांत भांडी असतात. मग बिल्ला तोंडात. "काढ गं, गिळशील की," कुणीतरी ओरडलं. पोरीने जीभ बाहेर काढून तो सगळ्यांना दाखवला आणि रांग हसली. रुद्राणी हसली नाही. हा गोल आपण कुठेतरी पाहिला आहे असं तिला वाटलं, आणि पिवळा नाही, पांढरा. जिभेवर नाही, तिच्या बराच खाली. बादली तिथेच सोडून ती दवाखान्याच्या वाटेला लागली. बादली कुणी भरून ठेवेल नाहीतर कुणी पळवेल, काय व्हायचं ते होवो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाने दुसऱ्या सालीही पाठ फिरवली होती. गोलाईच्या बाजारातल्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडायला रंगारी शिड्या लावून बसले होते. पाणी नसलं तरी रंग होता. एरवी हे बघून तिला गंमत वाटायची. आज तिला फक्त चालायचं होतं, आणि चालता चालता ती महिन्यापूर्वीची एक्स-रे फिल्म डोळ्यांपुढे आणायची होती. फिल्म आली, पण आधी तिच्यासोबतची चिठ्ठी आली. वय चार. खोकला, बारीक ताप, वजन घटतंय, टीबी आहे का पाहा. टीबी आहे का पाहा म्हटल्यावर माणूस काय पाहणार? तिने टीबी पाहिला. उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजल्यासारख्या दिसत होत्या. खोकणाऱ्या पोराच्या तिथे काही ना काही दिसतंच, आणि शोधत आलेल्याला तर हमखास दिसतं. सापडलं म्हणून बरं वाटलं होतं, हे तिला आता स्वच्छ आठवलं. बरं वाटलं की माणूस थांबतो. लिहून झालं, सही झाली, फिल्म पाकिटात गेली. आणि त्या सगळ्या वेळात वर, गळ्याची दोन हाडं जिथे एकमेकांजवळ येतात तिथे, तो गोल होता. पांढराशुभ्र, काठ रेखीव. तिची नजर त्याच्यावरून एकदा नाही, दोनदा गेली होती. दोन्ही वेळा आत कुणीतरी आवाज न करता म्हणालं होतं, गळ्यातलं लिंग आहे.

तिच्या स्वतःच्या छातीवर, पोलक्याच्या आत, या घटकेला ते होतं. उदगीरला भीमाशंकर अडत्यांच्या लिंगायत घरी ती जन्मली आणि नाव ठेवायच्या आधी तिच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं गेलं. चांदीची छोटी डबी, दोरा ओवायला दोन्ही बाजूंना दोन कड्या. ती डबी तिने प्रेतं फाडायच्या वर्गातही काढली नाही. औरंगाबादच्या वसतिगृहात मुली विचारत, अंघोळीला तरी काढतेस का गं, आणि ती मान ताठ करून नाही म्हणायची. ज्या दवाखान्यात ती एक्स-रे वाचायची तो व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभा केलेला. विश्वस्त बहुतेक तिच्याच समाजाचे, दारातल्या देणगीदारांच्या फरशीवर तिच्या वडिलांचंही नाव. फोटो काढणारा वीरभद्र लहान मुलांच्या गळ्यातली डबी काढायला कधी सांगायचा नाही. लिंग अंगावेगळं करायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा जीव कासावीस होतो, कोण वाद घालणार? त्यामुळे दर दोन-चार फिल्मांत एक पांढरा गोल असायचाच, आणि बाहेरून बदलून आलेले डॉक्टर गोंधळले की रुद्राणी हसून म्हणायची, सोडून द्या, हे आमचं आहे. हे सांगताना तिला थोडा अभिमान वाटायचा. त्या अभिमानाचा आता तिला राग आला.

सोडून देणं, हीच तर मुलांच्या फिल्मा वाचण्याची अर्धी विद्या होती. औरंगाबादला तिच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे. तान्ह्याच्या छातीत शिडासारखी सावली दिसते, ती गाठ नसते, सोडून दे. हाडाच्या टोकाशी फट दिसते, ते मोडलेलं नसतं, वाढत असतं, सोडून दे. मूल रडत हललं म्हणून सगळं पुसट आलंय, सोडून दे. मुलाला धरून ठेवणाऱ्या आईची बांगडी आली, बोटं आली, सोडून दे. शिकाऊ माणूस सगळ्याला घाबरतो, मुरलेला घाबरत नाही, आणि ती मुरलेली होती. किती सोडलं आणि त्यात काय काय गेलं याचा विचार करत ती भीत भीत दवाखान्याच्या पायऱ्या चढली. पण भीतीच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं, आणि ते तिला ओळखीचं होतं. लहानपणी आजोबांनी मुलींना शाळेतून काढायचं ठरवलं तेव्हा धान्याच्या पोत्यावर चढून ती "न्हाई" म्हणाली होती, तसलं.

फिल्म मिळाली. पेटीचा दिवा लावून तिने ती टांगली आणि दार लावून घेतलं. गोल तिथेच होता. कड्या नव्हत्या. जन्मापासून जी डबी तिच्या अंगाला लागून होती, जिच्या दोन कड्या झोपेत टोचायच्या, त्या कड्या या गोलाला नव्हत्या, आणि हे तिला दिसलं नव्हतं. मग तिने कोपऱ्यातलं नाव वाचलं. दगडोबा नरसिंग. हे नाव ठेवणाऱ्या घरात लिंग बांधत नाहीत, उदगीरचं शेंबडं पोरही सांगेल. नाव तिने तेव्हाही वाचलं असणार, कारण कागदावर ते तिच्याच अक्षरात होतं. ती खुर्चीवर बसली. मग उठली, कारण टीबीची सुई घ्यायला येणारी पोरं रोज सकाळी येतात आणि हा पोरगाही त्यांच्यात असणार हे तिच्या लक्षात आलं.

बाकावर तो आईच्या मांडीवर होता. इतक्या दिवसांत रुद्राणीने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तिचं काम त्याच्या सावलीशी होतं. हडकुळं पोर, हनुवटी पुढे काढून बसलेलं, तोंडातून लाळ गळतेय आणि ती पुसायला गळ्यात जुन्या धोतराचा तुकडा बांधलेला. बाहेर येऊन एकदा बघितलं असतं तर... पण बाहेर यायची पद्धत नव्हती. आई महानंदा डाळीच्या गिरणीत झाडलोट करायची. दुष्काळात लोह्याकडून लातूरला आली होती, नवरा कालव्याच्या कामावर. रुद्राणीने विचारलं, "जेवतो का हा?"

"कुठं जेवतोय बाई. भाकर टाकून देतो. दुधात कालवून दिली तर जरा उतरती. म्या सांगितलं की डाक्टरला, गिळत न्हाई म्हून. ते म्हनले खोकला किती दिवसाचा हाय."

"आधी खोकला की आधी गिळेना?"

"आधी गिळंना झालं," महानंदा म्हणाली. "पर इचारलं खोकल्याचंच."

वीरभद्रने त्याचा बाजूने फोटो काढला. ओली फिल्म रुद्राणीने उजेडासमोर धरली. बाजूने पाहिल्यावर गोलाची रेघ झाली होती, आणि ती रेघ छातीवर नव्हती, आत होती, श्वासनळीच्या मागे, अन्ननलिकेत. वीरभद्र तिच्या खांद्यावरून बघत होता. "देवा शिवा," तो हळूच म्हणाला, "म्या बी लिंगच समजलो की बाई." कुठली वस्तू हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती. महिन्याहून जास्त दिवस तो पितळेचा तुकडा तिथे रुतून बसला होता; नळी कुरतडत गेला, फाटली, की पोरगा संपला. आज काढायला हवा होता, आणि तो काढणारी दुर्बीण लातुरात नव्हती, नांदेडला होती.

मोठे डॉक्टर माधवराव चांगले गृहस्थ होते, आणि हेच पुढचं सगळं अवघड करणार होतं. त्यांनी दोन्ही फिल्मा पाहिल्या, मान हलवली. "नजरचूक आहे, बाई. होते. माझ्याकडून का कमी झाल्या?"

"नजरचूक नाही, सर."

"मग काय?"

"मला दिसलं होतं. लिंग समजून मी सोडून दिलं."

माधवरावांनी उठून दार लोटलं. "हे लिंगाचं कुठे बोलू नका. विश्वस्तांच्या कानावर गेलं तर म्हणतील, डॉक्टरीणबाई आपलं खापर देवावर फोडतात. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची माणसं येताहेत, मान्यता मिळायचीय. पोराला नांदेडला पाठवू ना, कोण नाही म्हणतंय? आजचा फोटो आहे, आज सापडलं. जुनी फिल्म धुताना खराब झाली, टाकून दिली. कागद मी बदलून घेतो." मग मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठीच सांगतोय. लहान वय आहे तुमचं."

नजरचूक. किती मवाळ शब्द, रुद्राणीच्या मनात आलं, अगदी लोण्यातला. चूक नजरेची, म्हणजे दोन डोळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. बिचारे डोळे थकतात, त्यांना कोण फाशी देतं? पण तिच्या डोळ्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. त्यांनी गोल आत आणून ठेवला होता आणि आत बसलेल्या उदगीरच्या मुलीने तो बघितल्या न बघितल्यासारखा करून परत पाठवला होता, कारण तो तिच्या घरचा होता. चूक नजरेची ठरली की उद्या सगळे म्हणणार, नीट बघत जा. ती नीट बघेल. आणि पुढच्या पोराच्या वेळी पुन्हा चिठ्ठी खोकल्याची असेल, पुन्हा गाठी सापडतील, पुन्हा बरं वाटेल. तिला संताप आला, माधवरावांचा नव्हे, त्या शब्दाचा, आणि तो शब्द स्वीकारला तर रात्री किती गाढ झोप लागेल हे तिला कळत होतं, त्याचा.

"उद्यापासून डबी मुलाच्या मुठीत द्यायची आणि हात वर करायला लावायचे," ती म्हणाली. "छाती मोकळी राहते आणि लिंग अंगावेगळंही होत नाही."

"आजे-आज्या ऐकतील?"

"माझ्या गळ्यात आहे. मी सांगेन. नाही ऐकलं तर भांडेन. आणि मुलांच्या फिल्मा मी मूल बघितल्याशिवाय वाचणार नाही. वेळ लागला तर लागू दे."

"आणि कागद?"

"कागद जो आहे तोच राहील. खाली मी लिहिणार आहे, काय दिसलं आणि का सोडलं."

माधवरावांनी चष्मा काढून पुसला. जीप मिळणार नाही, म्हणाले, पाहुण्यांसाठी पडदे आणायला गेलीय. त्यांनी हे सूड म्हणून सांगितलं नव्हतं; जीप खरंच गेली होती. रुद्राणीने आपल्या जुन्या कागदाखाली तिथेच सगळं लिहिलं, आणि तो कागद दोन्ही फिल्मांसोबत पिशवीत घातला. ते बघत होते, पण हात पुढे केला नाही.

नांदेडच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बाहेर काळी जमीन भेगाळलेली, तिच्यावर काहीच नाही, मैलोन् मैल. गाडी खड्ड्यात गेली की रुद्राणी पोराच्या गळ्याकडे बघायची. पोरगा आईच्या मांडीवर डोळे उघडे ठेवून निजला होता. महानंदाला एवढंच ठाऊक होतं की घशात काही अडकलंय आणि नांदेडला काढणार आहेत. अहमदपूर गेलं. आत्ता नको, तिथे गेल्यावर सांगू, आधी निघू दे, सुखरूप निघालं की सांगायला सोपं जाईल. सोपं, या शब्दाशी ती थबकली. निघाल्यावर सांगितलं तर ती पाया पडेल, आणि पाया पडणाऱ्या बाईला काय सांगणार? बाप म्हणायचा, हिच्या नाकावर राग असतो. असू दे की. तिने तोंड उघडलं आणि गाडीच्या खडखडाटात, मागचा कंडक्टर ऐकतोय हे माहीत असताना, सगळं सांगितलं. महिन्यापूर्वीचा फोटो. त्यात हे होतं. मी बघितलं. आमच्यात गळ्यात लिंग असतं, ते समजून सोडलं. टीबी नाहीये त्याला.

"मंग ह्या सुया?" महानंदाने विचारलं.

"उगाच दिल्या."

"उगाच," महानंदा म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "काय हाय त्याच्या घशात?"

"पाण्याचा बिल्ला असावा."

महानंदाने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. "बिल्ला हरवला म्हून म्या मारलं त्याला," ती म्हणाली. "बिल्ल्याबिगर पानी देईनात. शेजारनीकडं हात पसरला. फोटो काढल्यावर बी एकदा पान्यावाचून राह्यलो, तवा परत मारलं. त्यो काय बोललाच न्हाई. निसता गळा धरून रडला." मग म्हणाली, "तुमी तवाच सांगितलं असतं तर दुसऱ्यांदा मारलं नसतं." लोहा आलं, तिच्या गावाकडची माणसं चढली, त्यांतल्या एका म्हाताऱ्याने तिला ओळखून विचारपूस केली, तिने पोराच्या अंगावर पदर ओढला. तिथून नांदेडपर्यंत ती रुद्राणीशी एक शब्द बोलली नाही. रुद्राणीनेही तिची मनधरणी केली नाही. माफी मागावीशी वाटत होती, पण आत्ता माफी मागणं म्हणजे त्या बाईकडून आणखी काहीतरी मागणंच होतं.

नाक-कान-घशाचे डॉक्टर रेणुकादास औरंगाबादला तिच्या पुढच्या वर्षाला होते. त्यांनी पोराला ताबडतोब आत घेतलं. त्या वेळात दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. फाटली असेल तर काय, हा विचार रुद्राणी सरळ करून बघत होती: फाटली असेल तर मी मारलं, महिनाभर लावून, सुबक अक्षरात. तो विचार पूर्ण झाला, आणि ती तिथेच बसून राहिली. रेणुकादास बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. बिल्ला निघाला, म्हणाले. जखम आहे, नळी टिकलीय, चार दिवस तोंडाने काही द्यायचं नाही, पोर वाचलं. महानंदा नर्सच्या मागोमाग आत गेली. रेणुकादासांनी रुद्राणीला बाजूला घेतलं. "मनाला लावून घेऊ नकोस. मुलांच्या फिल्मा भल्याभल्यांना चकवतात. बाईला काही बोलली नाहीस ना?"

"सांगितलं. गाडीतच."

रेणुकादासांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू चारचौघांत तिने पदर टाकला होता. "काय मिळालं?" त्यांनी विचारलं. पोराला कुठल्या वॉर्डात नेणार ते तिने विचारून घेतलं.

ऊन उतरलं तेव्हा पोरगा वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होता. डोळे उघडले, आईला बघितलं, घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटला. महानंदाने कान खाली नेला. "न्हाई रे राजा, बिल्ला न्हाई हरवलास तू," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. रुद्राणी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"जावा बाई तुमी," महानंदा शेवटी म्हणाली. "तुमची गाडी जाईल."

"जायची न्हाई मी," रुद्राणी म्हणाली. लातूरला आल्यापासून दवाखान्याची भाषा तोंडात बसली होती, ती कुठे गेली कोण जाणे. तिने पिशवीतून जुनी फिल्म आणि कागद काढला. "हे तुमच्यापाशी ठेवा. तो पहिला फोटो हाय, आन् ह्या कागदावर माझी सही हाय. खाली काय झालं ते लिहिलंय. लातूरला कुनी मागितलं, गोड बोलून मागितलं, तरी द्यायचं न्हाई. उद्या कुठं तक्रार करावी वाटली तर हेच लागतंय."

"मला वाचाया येत न्हाई."

"फोटोत वाचायचं काय नसतं."

महानंदाने हात पदराला पुसले आणि फिल्म घेतली. आधी उलटी धरली, मग खिडकीतल्या उजेडाकडे केली. बरगड्या दिसल्या तशी ती जरा दचकली. आपल्या लेकराच्या आतलं ती पहिल्यांदाच बघत होती. रुद्राणीचं बोट दाखवायला उचललं गेलं, ते तिने मागे घेतलं. महानंदाची नजर खालून वर गेली, फासळ्यांवरून, मानेकडे, आणि थांबली.

"ह्यो?"

"हाव."

महानंदा बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वळवून रुद्राणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरंच काही कळत नव्हतं.

"ह्यो तर दिसून राहिलाय की," ती म्हणाली.

रुद्राणीने नजर खाली घातली नाही.

"मला बी दिसला होता."